शेवटचा येईपर्यंत

पाच मिनिटं दहा सेकंद

पहाटे पाचच्या सुमारास वाशिमच्या जिल्हा क्रीडा संकुलाकडे गेलं की अंधारात आधी पावलं ऐकू येतात. मग मोबाईलच्या उजेडात स्टॉपवॉच धरून उभा असलेला एक पोरगा दिसतो. तो मोठ्याने सेकंद मोजत असतो आणि समोरून आठ-दहा पोरं शेवटचे शंभर मीटर जीव खाऊन पळत येत असतात. रेघ ओलांडली की कुणी गुडघ्यांवर हात टेकून वाकतो, कुणी सरळ मातीत आडवा होतो. श्वास जागेवर आला की सगळ्यांचा प्रश्न एकच असतो : "टायमिंग किती आलं?"

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय 'वेग' असल्याचं कळवलं, तेव्हा अनेकांनी समृद्धी महामार्गावर लिहायला सुचवलं. तो आमच्या कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव, रिसोड या तालुक्यांतून जातो आणि त्याच्यावर लिहिण्यासारखं पुष्कळ आहे. पण मला पायी पळणाऱ्यांवर लिहायचं होतं. आमच्या जिल्ह्यात वेग हा आधी पोटापाण्याचा प्रश्न आहे, आणि तो या मैदानावर रोज पहाटे मोजला जातो.

महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावायचं असतं आणि या एकाच धावण्याला २० गुण आहेत. उरलेले ३० गुण शंभर मीटर आणि गोळाफेकीचे. मुलाने १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत काढले, मुलीने ८०० मीटर २ मिनिटं ५० सेकंदांत, तर पैकीच्या पैकी. पुढे सेकंद वाढतील तसे गुण गळत जातात. अग्निवीर भरतीत १६०० मीटर साडेपाच मिनिटांत काढणाऱ्याला ६० गुण. राज्य राखीव पोलीस दलाला तर थेट पाच किलोमीटर. पोरांच्या बोलण्यात या सगळ्याला मिळून एकच शब्द आहे, 'ग्राउंड'. "ग्राउंडले किती पडले?" असं विचारलं की समोरचा गुण सांगतो. सोयाबीन आणि तुरीवर चालणाऱ्या, उद्योगधंदे फारसे नसलेल्या जिल्ह्यात सरकारी नोकरीचा जवळचा रस्ता या ग्राउंडवरून जातो.

सगळ्यांना संकुल जवळ नाही. मानोरा, मालेगाव, रिसोडकडच्या खेड्यांत आखलेली ४०० मीटरची धावपट्टी कुठली असायला? मग डांबरी रस्त्यावर मोटारसायकलच्या मीटरने अंतर मोजायचं, पुलाच्या कठड्यावर चुन्याची खूण करायची आणि तिथून पळायचं. गावातलं मैदान काळ्या मातीचं असेल तर पावसाळ्यात ते कित्येक दिवस वाफशावर येत नाही. बुटाला चिखलाचे लगदे चिकटतात. ऑक्टोबरात रस्त्यावर सोयाबीनच्या ट्रॉल्या सुरू होतात. मुली पळतात तेव्हा बाप किंवा भाऊ मोटारसायकल घेऊन मागे हळूहळू येत असतो. ती मोटारसायकल आणि तिचा तो उजेड नसता, तर कित्येकींचं ८०० मीटर घरीच राहिलं असतं.

संकुलावर पोरांचे सेकंद मोजणाऱ्या तरुणाला मी विचारलं, "तू पळत नाहीस?"

"आता काहून पळू, मॅडम? एजबार झालो ना."

पोलीस भरतीची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला २८ वर्षं आणि मागासवर्गीयांना ३३. ती ओलांडली की पोरं स्वतःला 'एजबार' म्हणतात. कित्येक वर्षं रोज पहाटे उठून पळालेलं शरीर, चांगली छाती, चांगले पाय, आणि एका वाढदिवसानंतर पळायचं बंद! काही कारणच उरलं नाही, असं तो सहज सांगत होता. मला ते ऐकून वाईट वाटलं आणि मी जे पाहून आले होते ते त्याला सांगावंसं वाटलं. हा लेख म्हणजे तेच सांगणं आहे.

बुशी पार्कमधले तेरा जण

यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मुलीकडे लंडनला होते. ती शहराच्या नैर्ऋत्येला टेम्सच्या काठाने राहते. शनिवारी सकाळी घराघरांतून माणसं बूट घालून एकाच दिशेला निघालेली दिसायची. म्हातारी जोडपी, बाबागाडी ढकलणारे बाप, शाळकरी मुलं. "कुठे जातात गं हे?" म्हणून विचारलं, तर लेक म्हणाली, "आई, पार्करनला. तुझंही नाव घालून ठेवते."

पार्करन म्हणजे दर शनिवारी सकाळी एखाद्या बागेत होणारी पाच किलोमीटरची धाव. ती पहिल्यांदा झाली ती याच भागात, टेडिंग्टनच्या बुशी पार्कमध्ये, २ ऑक्टोबर २००४ रोजी. पॉल सिंटन-ह्युइट हा दक्षिण आफ्रिकेत वाढलेला, धावण्याचं वेड असलेला माणूस. तेव्हा दुखापतीमुळे त्याला पळता येत नव्हतं आणि नोकरीही गेली होती. आपले धावणारे मित्र सुटू नयेत म्हणून त्याने त्यांना बागेत बोलावलं : तुम्ही पळा, मी वेळ लावतो, नंतर सगळे मिळून कॉफी पिऊ. तेरा जण धावले. पोहोचलेल्याचा क्रमांक कळावा म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून वायसर आणून त्यांवर आकडे ठोकले होते. निकाल कागदावर लिहिला गेला.

दुसरं ठिकाण, विम्बल्डन कॉमन, सुरू व्हायला २००७ उजाडलं. त्यानंतर मात्र ती धाव पसरत गेली आणि आज वीसहून अधिक देशांत दर आठवड्याला होते. पैसे तेव्हा नव्हते, आजही नाहीत. एकदा नाव नोंदवायचं, आयुष्यभराचा एक बारकोड मिळतो, तो घेऊन कुठल्याही गावच्या पार्करनला जायचं.

मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट ही वाटते की, सुरुवात करणारा माणूस त्या दिवशी स्वतः पळू शकत नव्हता. ज्याचं पळणं थांबलं त्याने स्टॉपवॉच हातात घेतलं.

नऊ वाजता, कारंज्याजवळ

बुशी पार्क हॅम्प्टन कोर्ट राजवाड्याच्या शेजारी आहे. राजांचं जुनं शिकारीचं रान. चेस्टनटच्या झाडांच्या लांबच लांब ओळी, मधोमध डायनाचं कारंजं आणि गवतात निवांत बसलेली हरणं. जमीन सपाट, थोडं गवत, थोडी पायवाट, थोडी खडी. शनिवारी इथे हजाराच्या आसपास माणसं येतात. एवढ्या गर्दीला ना मांडव, ना माईकचा कर्णा, ना व्यासपीठ.

नव्यांना बाजूला बोलावून एका बाईने मार्ग समजावला. वळणांवर चमकत्या जाकिटातले स्वयंसेवक असतील, ते हात दाखवतील तिकडे जा. हरणांपासून लांब राहा. दमलात तर चाला. एवढंच. मग मुख्य संयोजकाने आजच्या स्वयंसेवकांसाठी टाळ्या वाजवायला सांगितलं, आणि नऊला धाव सुटली. मी पंजाबी ड्रेसवर होते, ओढणी कमरेला बांधलेली. माझ्याकडे कुणी वळून पाहिलं नाही. गावी पन्नाशीतली बाई पळताना दिसली तर लोक थांबून विचारतील, काही झालं का म्हणून!

शाळेत असताना मी २०० मीटर पळत असे. त्यानंतर पळाले ती एसटी पकडायला. पहिला किलोमीटर उत्साहात गेला, दुसऱ्यात छाती भरून आली. "आई, पळायचंच असं काही नाही. चाल," लेक म्हणाली आणि तीही माझ्याबरोबर चालू लागली. मग थोडं पळणं, थोडं चालणं असं जमवलं. प्रत्येक वळणावरचा स्वयंसेवक काही ना काही बोलत होता. हे स्वयंसेवक पगारी नसतात. परवा पळालेला आज वळणावर उभा असतो. कुणाचा घोटा दुखावलेला, कुणाला बाळ व्हायचंय, कुणी फक्त नवऱ्याला सोबत म्हणून आलेली.

शेवटाकडे दोऱ्या बांधून चिंचोळी वाट केलेली असते. रेघेवर एक जण घड्याळाचं बटण दाबतो. वाटेत ओळ मोडायची नाही, कारण पुढे दुसरा माणूस ज्या क्रमाने माणसं येतील त्याच क्रमाने क्रमांकाचा बिल्ला हातात देतो. मग तिसऱ्याकडे जायचं. तो आधी तुमचा बारकोड वाचतो, मग बिल्ल्याचा, आणि बिल्ला परत घेतो. घड्याळात वेळांची यादी, यंत्रात नावांची यादी. दोन्ही क्रमांकाने जुळवल्या की निकाल तयार. पायाला चिप नाही, छातीवर क्रमांक नाही. माझी वेळ पंचेचाळीस मिनिटांच्या आसपास आली. दुपारी संदेश आला त्यात वयाच्या हिशेबाने काढलेली टक्केवारीही होती, म्हणजे माझ्या वयाच्या बाईची जगातली उत्तम वेळ धरून माझं पळणं तिच्या किती जवळ गेलं ते. ती टक्केवारी मी वाशिमला येईपर्यंत जपून ठेवली होती.

वेग उतरल्याचा आनंद

माझ्या मागे बरीच माणसं होती. त्यांच्याही मागे एक बाई गप्पा मारत चालत होती. ती स्वयंसेविका. तिचं काम सगळ्यांच्या मागे राहणं. ती पोहोचल्याशिवाय घड्याळ बंद होत नाही, वळणावरचे लोक जागा सोडत नाहीत, आणि निकालात शेवटचा क्रमांक तिचा लागतो. त्यामुळे आलेल्यांपैकी कुणीच शेवटचा ठरत नाही. ही नुसती समजूत घालायची युक्ती नाही. 'आपण शेवटी येऊ' या भीतीने जी माणसं घराबाहेर पडत नाहीत, ती या एका सोयीमुळे पडतात.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. पहिल्या वर्षांत पाच किलोमीटरची सरासरी वेळ २२-२३ मिनिटांच्या घरात होती, कारण येणारे मुळात धावपटूच होते. आता ती अर्ध्या तासाच्या पलीकडे गेली आहे. आमचा भरतीचा पोरगा १६०० मीटर ज्या गतीने काढतो, ती किलोमीटरला सव्वातीन मिनिटांच्या आत येते. पार्करनची सरासरी सहा मिनिटांच्या वर. संस्थेला याचा अभिमान आहे. वेळ वाढली याचा अर्थ जाडी, म्हातारी, आजारातून उठलेली, कधी न पळालेली माणसं आली.

ब्रिटनमधल्या कुटुंब-डॉक्टरांच्या रॉयल कॉलेजने २०१८ पासून पार्करनशी हात मिळवला आहे. दवाखाने जवळच्या पार्करनशी जोडले जातात आणि डॉक्टर रुग्णाला गोळीबरोबर शनिवारची धावही सुचवतात. २०१७ मध्ये कंब्रियातल्या हॅव्हरिग तुरुंगात कैद्यांसाठी पार्करन सुरू झालं. आणि २०१६ मध्ये ब्रिस्टलजवळच्या स्टोक गिफर्ड या गावच्या पंचायतीने बागेच्या देखभालीसाठी पैसे द्या म्हटलं, तेव्हा संस्थेने तिथली धाव बंद केली, पण वर्गणी लावली नाही. एकदा पैसे घेतले की गरीब माणूस आधी गळतो, हे त्यांनी नीट ओळखलं आहे.

एका बाबतीत मात्र मला त्यांचं पटलं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी संकेतस्थळावरून प्रत्येक मार्गाचे आणि वयोगटांचे विक्रम काढून टाकले. नव्या माणसाला दडपण येऊ नये म्हणून. तिथल्या अनेक धावणाऱ्यांना ते रुचलं नाही, आणि त्यांचं म्हणणं मला बरोबर वाटतं. जी बाई साठाव्या वर्षी आपल्या गटात पहिली आली तिचं नाव पुसून दुसऱ्या कुणाला धीर येत नाही. आमच्याकडे तर वेळ लिहिलीच पाहिजे. रिसोडच्या पोरीने पाच किलोमीटर किती मिनिटांत काढलं हे फळ्यावर दिसायला हवं. पण तिची वेळ लिहून झाल्यावर घड्याळ बंद करून निघून जायचं नाही.

अँटवर्प, मांडवा, बारामती

परदेशात धावलेल्या मराठी माणसाची आपली गोष्ट शंभर वर्षांहून जुनी आहे. १९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांना दोराबजी टाटा अध्यक्ष होते. तिथे त्यांनी अनवाणी पळणारी शेतकऱ्यांची पोरं पाहिली आणि त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळ जातात हे त्यांच्या लक्षात आलं. पुढच्याच वर्षी त्यांच्या पुढाकाराने अँटवर्प ऑलिंपिकला छोटासा चमू गेला. बेळगावकडच्या फडेप्पा चौगुल्यांनी मॅरेथॉन २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत पूर्ण केली आणि १९ वा क्रमांक मिळवला. त्याच शर्यतीत सदाशिव दातारही उतरले होते; त्यांची शर्यत पुरी झाली नाही.

तिथून बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेपर्यंत यावं. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक मिळवलं, ८ मिनिटं ११.२० सेकंद. खेळ म्हणून त्याचं धावणं सुरू झालं ते सैन्यात गेल्यावर. आधी भरती, मग धावपटू. मराठवाड्यात आणि वऱ्हाडात हा क्रम फारसा बदललेला नाही.

आणि बारामतीच्या लता करे. मूळ आमच्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या, कामासाठी बारामतीकडे गेलेल्या. २०१३ साली नवऱ्याच्या तपासणीला पैसे हवे होते म्हणून साठी ओलांडलेल्या लताबाई तिथल्या मॅरेथॉनच्या ज्येष्ठ गटात उतरल्या, नऊवारीत, अनवाणी, आणि तीन किलोमीटरची शर्यत जिंकल्या. पुढे त्यांच्यावर सिनेमा आला आणि त्यात त्यांनी स्वतःची भूमिका केली. आपण त्यांचं कौतुक केलं ते योग्यच. पण मला नेहमी वाटतं, त्या दिवशी बक्षीस नसतं आणि नवरा धडधाकट असता, तर लताबाईंना सकाळी उगीच पळावंसं वाटलं असतं का? वाटलं असतं तर कुणी पळू दिलं असतं का?

आपल्याकडे पळायला कारण लागतं. पदक, नोकरी, औषधाचे पैसे. कारण नसताना चालायची रीत मात्र आपल्याला ठाऊक आहे. शेगावहून गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला निघते ती आमच्या जिल्ह्यातून, मेडशी, शिरपूर, रिसोड करत जाते. सातशे किलोमीटरहून जास्त वाट. गावागावांत पाणी, चहा, पिठलं-भाकरी घेऊन लोक उभे असतात आणि मागे पडलेल्याची वाट पाहतात. क्रमांक कुणी विचारत नाही. तेव्हा शेवटच्या माणसासाठी थांबायला आम्हाला लंडनहून शिकावं लागणार नाही. तिथून घ्यायची ती व्यवस्था : दर आठवड्याला, ठरल्या वेळी, फुकट.

वाशिमला काय लागेल

पार्करन हे नाव वापरायचं तर त्या संस्थेची परवानगी लागते. आपल्याला नावाची गरज नाही. परतल्यावर मी काही ओळखीच्या शिक्षकांशी, पहाटे फिरायला येणाऱ्या बायकांशी आणि संकुलावरच्या पोरांशी बोलले. बोलता बोलता जे ठरत गेलं ते असं.

वार रविवार. शनिवारी सकाळी शाळा असते. वेळ सहा, आणि एप्रिल-मे मध्ये साडेपाच. आमच्याकडे पारा चाळिसाच्या वर जातो आणि आठला ऊन अंगावर येतं. मार्ग एक किलोमीटरचा फेरा, पाच वेळा. लांबचा रस्ता नको, कारण फेऱ्यात सगळे सगळ्यांना दिसतात आणि बायकांना मोटारसायकलवाल्या सोबतीची गरज राहत नाही. हा मुद्दा एका आशाताईंनी काढला आणि मला तो सगळ्यात मोलाचा वाटला. पाचच फेरे असं बंधन नको. एक फेरा घालून बसलेल्या आजीचंही नाव वहीत आलं पाहिजे. पावसाळ्यात काळ्या मातीवर हे चालणार नाही. मुरूम टाकलेली जागा किंवा आवारातला डांबरी रस्ता हवा. साडी, नऊवारी, बुरखा, पंजाबी, जे अंगावर असेल त्यात यावं. उद्घाटन नको, सत्कार नको, टी-शर्ट नको. आपल्याकडच्या मॅरेथॉनना पाहुण्यांच्या भाषणात पळणारे उन्हात ताटकळतात, ते इथे होऊ द्यायचं नाही.

सामान काय? एका मोबाईलचं स्टॉपवॉच, एक वही, पिण्याच्या पाण्याचे दोन जार आणि क्रमांक ठोकलेले वायसर. रक्तदाब-साखरेची माणसं येणार, तेव्हा त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं आणि मैदानावर प्रथमोपचार जाणणारं कुणीतरी असावं, हे पक्कं.

माणसं मात्र नेमाने लागतील. आणि ती आमच्याकडे आहेत. प्रत्येक तालुक्यात एजबार झालेली पोरं आहेत, ज्यांना टायमिंग लावता येतं, अंगात पेटका आला तर पाय कसा ताणायचा ते कळतं, नवख्याचा दम कुठे तुटतो ते दुरून ओळखता येतं. वर्षानुवर्षं घाम गाळून कमावलेली ही विद्या आज कुणाच्याच कामी येत नाही. त्यांना बोलवा. पळायचं असेल तर त्यांनीही पळावं; तिथे वयाचा दाखला कुणी मागणार नाही.

अडचण एकच आहे आणि ती सगळ्या गावांत सारखी आहे. शाळा-कॉलेजांची मैदानं रविवारी कुलूपबंद असतात. हा लेख वाचणाऱ्यांत कुणी मुख्याध्यापक असतील, संस्थेचे पदाधिकारी असतील, ग्रामपंचायतीचे सदस्य असतील, तर त्यांना हात जोडून विनंती आहे : रविवारी सकाळी साडेपाच ते साडेसात फाटक उघडं ठेवा. किल्ली कुणाकडे असेल ते गावात सांगून ठेवा.